तिची ब्राउन एल

कुवेतमध्ये दारूबंदी होती आणि आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत बिअर व्हायची. आमच्याकडे ती मी करायचे. नवरा मीना अल-अहमदी बंदरावरच्या रिफायनरीत इंजिनिअर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. जमियातून, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानातून, जवाच्या माल्टचा डबा आणायचा आणि साखर, पावाचं यीस्ट घालून बाथरूममधल्या बादलीत आंबवायचं. फोनवर कुणी ऐकेल म्हणून आम्ही तिला ताक म्हणायचो. 'ताक झालंय, शुक्रवारी या,' म्हटलं की मंडळी हजर. माझ्या ताकाचं कौतुक व्हायचं, आणि मला ते हवं असायचं.

मग नवऱ्याच्या हाताखाली पुण्याचा एक नवा इंजिनिअर आला. त्याची बायको माझ्याहून बरीच लहान, हसरी. तिनं केलेली बिअर प्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो. ग्लासात ओतली तर रंग कोऱ्या चहासारखा, वर बदामी फेस.

"ही ब्राउन एल, इंग्रजांची तपकिरी बिअर," ती म्हणाली. "रिफायनरीतल्या एका इंग्रज साहेबाच्या बायकोनं कृती सांगितली. मी आपले जव कढईत खरपूस भाजले, सातूच्या पिठाला भाजतो ना, तसे."

माझ्या नवऱ्यानं घोट घेतला आणि चक्क डोळे मिटले. "आधी भाजल्या दाण्यांचा वास. मग गूळ… नाही, काकवी. आणि मागाहून जरासा कडवटपणा. वा!"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर पानात पडेल ते मुकाट्यानं खाणाऱ्या या माणसाला इतके शब्द येतात?

"वहिनी, तुम्ही खरं सांगा," ती मला म्हणाली. "हे सगळे चांगलंच म्हणणार."

मी जीव तोडून खोट शोधली. बिअर चांगली होती, तेच तर दुखत होतं. पण दोन गोष्टी सापडल्या.

"गाळ ढवळला गेलाय, म्हणून यीस्टचा वास येतोय. बाटल्या फ्रिजमध्ये आणखी आठवडाभर उभ्या ठेव आणि ओतताना तळाचं बोटभर सोडून दे. साखरही जास्त झालीय, म्हणून शेवटी आंबूस लागतं."

तिचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. ती खुलली. "अय्या, बरोबर! मलाही काहीतरी खटकत होतंच."

महिन्याभरानं पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला ग्लास नितळ, चव भरीव, शेवट कोरडा आणि स्वच्छ. नाव ठेवायला जागाच नव्हती. ती सगळ्यांना सांगत सुटली, "ही वहिनींची कृपा!" लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि ग्लास तिच्यापुढे केले. तिची बिअर मीच सुधारून दिली होती. परतताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. नवऱ्याला वाटलं, मला चढली.

पुढे माझं ताक प्यायला येणारे कमी झाले. अखेर अभिमान गिळून मीच तिला म्हटलं, "जव कसे भाजतेस, दाखव."

ती दुसऱ्याच दिवशी आली. माझ्या कढईत, माझ्या गॅसवर, हात न थांबवता भाजत राहिली आणि नेमक्या क्षणी आच बंद केली. मी तसंच्या तसं केलं, नीट निवळू दिलं आणि पहिला ग्लास नवऱ्याला दिला.

त्यानं चव घेतली, विचार केला. "तिच्या जवळपास आलीय," तो म्हणाला.

दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. उरलेल्या बाटल्या मात्र आम्ही दोघांनी संपवल्या. कुणाला बोलावलं नाही.