कपाटातल्या वीस प्रती

शिक्षक मंडळींनो, आज दुपारचं सांगते.

साक्रीच्या ज्युनिअर कॉलेजात मी शिकवते. डोंगरातल्या गावांहून येणाऱ्या मुलांच्या घरी नेट नाही, म्हणून नोट्सच्या वीस प्रती काढून कपाटात ठेवल्या होत्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली, अंगठेही आले. महिनाभर एकही प्रत कुणी नेली नाही. मी म्हटलं, गरज नसेल.

आज चाचणीचे पेपर दिले. डोंगरातल्याच एका गावाहून येणारी सुनीता नापास. मी चिडूनच विचारलं, "नोट्स का नेल्या नाहीस?"

"कोणत्या नोट्स, मॅडम?"

कपाट उघडून गठ्ठा दाखवला. ती बघतच राहिली. एरवी माझ्याशी जपून बोलणारी पोरगी, तिच्या तोंडून घरचीच बोली निघाली. "हाई बठ्ठं आमनासाठी शे?" हे सगळं आमच्यासाठी आहे?

"अगं, ग्रुपवर टाकलं होतं..." एवढं बोलून मी थांबले.

तिने एक प्रत उचलली, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि एसटी पकडायला गेली.

मला रडू आलं नाही, रागही नाही. कपाटाला कुलूप लावलं आणि घरी आले.

सुनीता रोज वर्गात पहिल्या बाकावर बसते. माझ्या अगदी समोर.

तुम्ही शेवटची सूचना तोंडाने कधी दिली होती?