चार मुठींची रेकॉर्ड

आमच्या आत्याला जात्याशिवाय गाता येत नसे. "एखादी ओवी म्हण की" म्हटलं, तर ती तोंड उघडायची, उजवा हात हवेत गोल फिरवायची आणि म्हणायची, "येईना गं. हात मोकळा हाय." खुंटा हाती आला की मात्र थांबवणं मुश्कील. चाली जुन्या, शब्द तिचे स्वतःचे. सोलापुरातल्या आमच्या चाळीतलं कुणीही त्यातून सुटत नसे.

सत्तरच्या दशकात, मी कॉलेजात असताना, चाळीशेजारी पिठाची गिरणी आली. बायकांनी जाती कोपऱ्यात सरकवली. आत्याने ओवी केली:

दारात आली गिरणी, बाई, पट्टा तिचा मोठा
दोन शेर दळून देती, चार शेराचा ताठा

पण मनातून ती धास्तावली होती. "आता पोरी दळायच्या न्हाईत. माज्या ओव्या मग कोण म्हणंल? गिरणी म्हणती व्हय?" ओव्या टिकाव्यात म्हणून त्यांची रेकॉर्ड काढायचं तिच्या मनाने घेतलं. रेकॉर्ड कंपनीने दाद दिली नाही, तेव्हा तिने पाटल्या मोडल्या आणि पुण्याला जाऊन स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड काढायची ठरवली. वडील म्हणाले, "अक्का, डोकं फिरलंय का तुजं?"

"फिरू दे की. जातं बी फिरतंयच."

पुण्याच्या एसटीत जात्याची वरची तळी तिच्या मांडीवर, खालची माझ्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं तिकीट पडंल."

"का? खिडकी मागितली का त्यानं?"

स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्या गृहस्थांना गाणं हवं होतं, दगडाची घरघर नको होती. आत्याने दोनदा प्रयत्न केला. हात फिरला, गळा फिरेना. तिचं तोंड एवढंसं झालं. शेवटी ते म्हणाले, "बरं, फिरवा जातं. पण रिकामंच फिरवा."

आत्या उसळली. "रिकामं जातं फिरवत्यात व्हय, दादा? घर बुडवायचंय का माजं?"

ते स्वतः जाऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडून ज्वारी घेऊन आले. मग नवीच अडचण. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. पण ते गृहस्थ हात वर करून "बस, बस" खुणावत राहिले तरी जात्यात दाणे असेतो आत्या थांबेना. अखेर मीच माप बसवलं: चार मुठी म्हणजे एक बाजू. मी जात्यात दाणे वैरायची, ती गायची. दाणे संपले की ओवी संपायची. दुसऱ्या बाजूच्या शेवटी मात्र ती माझ्यावर खेकसली, "ए पोरी, हात आवर, जाडं पडतंय!" मी म्हणाले, "बरं, आत्या." तेही रेकॉर्डवर गेलं. पुन्हा घ्यायची ताकद त्या भल्या माणसात उरली नव्हती.

चाळीच्या चौकात मंडपवाल्याच्या कर्ण्यावर रेकॉर्ड लागली. ज्यांची नावं ओव्यांत होती ते रुसले. ज्यांची नव्हती ते जास्त रुसले. आत्या डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "गाणं बरं हाय. दळण वाया गेलं."

तिला जाऊन खूप वर्षं झाली. जातं माझ्याकडे आहे आणि एरवी त्यावर कुंडी असते. दळायला मला वेळ नाही. पण घरात लग्न निघालं की हळद दळायला ते बाहेर निघतं आणि आमच्या पोरी आत्याच्या ओव्या म्हणतात. रेकॉर्डवरून शिकल्यात, त्यामुळे सगळं जसंच्या तसं. गिरणीच्या ताठ्याची ओवी झाली की शेवटी सगळ्या एका सुरात ओरडतात, "ए पोरी, हात आवर, जाडं पडतंय!"

आणि खुंटा धरून माझ्याकडे बघत बसतात. मी "बरं, आत्या" म्हटल्याशिवाय उठतच नाहीत.