मोडेश्वरांची वाटी

मोडेश्वर बोलू लागले की कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमणीतला धूर क्षणभर थबकून ऐकायचा. हे मी एकट्यानेच नाही, अख्ख्या कॉलनीने पाहिलेलं आहे. जे नाही म्हणतील ते तेव्हा रात्रपाळी करून झोपलेले असतील. पण मोडेश्वर बोलत असताना झोप लागणंही शक्य नव्हतं, म्हणजे तेही खोटंच बोलताहेत. आधी खापरखेडा, मग कोराडी, सगळी हयात बॉयलरच्या घरघराटात गेलेली. हळू बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांच्या गळ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ते जेवताना बायकोला मीठ मागायचे आणि भिंतीपलीकडे माझी बायको मिठाची बरणी घेऊन उठायची.

मोडेश्वर हे नाव मीच ठेवलेलं. तोंडावर आम्ही सगळे त्यांना ‘भाऊ’ म्हणायचो. पण ज्या माणसाच्या घरात प्रत्येक खिळ्याला ओल्या फडक्याची पुरचुंडी लटकलेली असते, आणि प्रत्येक पुरचुंडीतून पांढरे मोड शेपटी काढून बाहेर डोकावत असतात, त्याला दुसरं काय म्हणणार? मूग, मटकी, हरभरा, मेथी. बनियन वाळत घालायला दोरी उरली नव्हती. एकदा मी त्यांच्याकडे अंमळ जास्त वेळ बसलो, तर खुर्चीच्या पायाला पालवी फुटू लागली होती. उठलो म्हणून वाचलो.

हे सगळं साखरेपासून सुरू झालं. त्याआधी भाऊंचा सकाळचा नाश्ता म्हणजे परातभर तर्री-पोहे आणि वर जिलबी, आणि तो झाला की मग ते जेवणाचा विचार करत. चाळिशी उलटल्यावर एक दिवस त्यांना इतकी तहान लागली की नळाचं पाणी वरच्या मजल्यावर चढेना. नागपुरात धंतोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि साखर सांगितली. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं नीट समजावलं होतं. ही गोळी घ्या, जिलबी सोडा, भात अर्धा करा, रोज चाला, आणि पोह्यांच्या ऐवजी मोडाचं कडधान्य खाल्लं तर बरं, ते चावून खावं लागतं, पोट भरतं, साखर एकदम उसळत नाही. भाऊंनी सगळं केलं. देवीच्या देवळापर्यंत रोज चालत गेले, जिलबीच्या दुकानासमोरून जाताना मान फिरवून गेले. पण लक्षात राहिले ते फक्त मोड.

त्या काळी घरी साखर तपासायची म्हणजे काचेच्या नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि गरम करायचं. विटकरी रंग आला तर साखर फार, पिवळा तर मध्यम, हिरवा तर थोडी, निळं ते निळंच राहिलं तर सुटलात. बॉयलरचा माणूस, आच कशी द्यायची हे त्याला काय सांगायचं. विटकरीचं पिवळं झालं, पिवळ्याचं हिरवं झालं, आणि एका सकाळी ती नळी निळी राहिली. भाऊ ती हातात उंच धरून कॉलनीभर फिरले. लोक चहा पीत होते. “पाय, पाय, आभाळ हाय आभाळ,” असं म्हणत ते नळी प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवत होते. कुणाला नजर चुकवू दिली नाही.

त्या दिवसापासून त्यांचं ठरलं. ज्या वाटीने आपली साखर उतरवली ती जगातलं काय वाटेल ते उतरवेल. कुणाचे गुडघे धरले, की मेथीचे मोड. कुणाच्या पोराला गणित येत नाही, की मटकी. डॉक्टरांनी हसून पुन्हा सांगितलं की गोळीला, चालण्याला आणि सोडलेल्या जिलबीलाही थोडं श्रेय द्या. भाऊ घरी येऊन म्हणाले, डॉक्टर आता लाजून राहिला. आम्ही हसलो. त्या वेळी त्यांच्या मोडांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

वहिनी त्यांच्या अगदी उलट, म्हणजे आवाजाने. भाऊंचं बोलणं तोफेसारखं, तर वहिनीचं शिलाई मशीनसारखं. तिच्या बोलण्यात स्वल्पविराम नसायचा. एक पापड लाटून होईपर्यंत ती कॉलनीतल्या सगळ्या घरांची खबर सांगून, त्यावर आपलं मत देऊन, ते मत मागेही घेत असे. ती घरातून अंगणात आली की वारा सुटल्यासारखं वाटायचं. भाऊ तोफ डागायचे आणि ती मधल्या मधे चार टाके घालून मोकळी व्हायची. असा संसार मी पाहिला नाही.

मग ती शिलाई मंदावली. सुरुवातीला आम्हाला वाटलं, वय. बोलताना मधे थांबायची, शब्द शोधायची. आवाज घोगरा झाला. ऐन मे महिन्यात, जेव्हा नागपुरात कावळेही सावलीत उभे राहून नवस बोलतात, तेव्हा ती शाल पांघरून बसलेली. चेहरा सुजला, गळ्याशी फुगवटा आला. धंतोलीच्या डॉक्टरांनी थायरॉइड सांगितलं आणि एक इवलीशी पांढरी गोळी लिहून दिली, रोज सकाळी, जन्मभर.

त्या गोळीने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा वहिनी उठायची, भांडी लावायची आणि उभ्याउभ्या नळाच्या घोटभर पाण्यासोबत गोळी टाकायची. काही महिन्यांत शाल गेली, सूज उतरली. आणि एका दुपारी भिंतीपलीकडून शिलाई मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. माझी बायको लाटणं हातात घेऊन नुसती ऐकत उभी राहिली. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या उशिरा झाल्या आणि मी चकार शब्द काढला नाही.

त्याच साली भाऊंच्या मौद्याच्या भावाने शेतात सोयाबीन पेरलं. आपल्याकडे तेव्हा ते नवीनच. खायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ताकदीचं असतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने एक पोतं कोराडीला धाडलं. भाऊंनी ते सोन्याचं पोतं उघडावं तसं उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक खिळ्याला सोयाबीन लटकलं.

नेमकं त्याच आठवड्यात भाऊ लवकर उठले आणि त्यांनी वहिनीला नळाशी गोळी घेताना पाहिलं. रिकाम्या पोटी. आपल्याकडे रिकाम्या पोटी गोळी म्हणजे काय, हे सांगायला नको. पोटात काहीतरी टाकल्याशिवाय औषध घेऊ नये, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. त्यात हे बॉयलरचे. त्या दिवशी ते माझ्याकडे आले ते पांढरे पडलेले. पाणी नसलेल्या बॉयलरखाली जाळ घातला तर नळ्या वितळून जातात, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं आणि जन्मात विसरले नव्हते. “इतके दिवस थे कोरड्यावर जाळ घालून राहिली होती गा,” ते म्हणाले, “अन् मी झोपून राहिलो होतो.”

दुसऱ्या दिवसापासून गोळी त्यांनी आपल्या ताब्यात घेतली. आधी सोयाबीनच्या मोडांची वाटी, ती संपत आली की मधोमध गोळी, आणि वर उरलेले मोड. जन्मात कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून न घेतलेला माणूस पहाटे उठून बायकोसाठी वाटी भरत होता. कॉलनीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारू लागल्या. मलाही मारले. मला भाऊंचा राग आला होता, तो त्यासाठी.

कच्च्या सोयाबीनला जो वास येतो तो ज्याने घेतला त्यालाच माहीत. माझ्या बायकोने वहिनीला सांगितलं की मोरीत ओत आणि मोकळी हो, कोण पाहतंय. वहिनी आता पुन्हा हळू बोलू लागली होती. ती म्हणाली, “थे समोर उभे रायतात ना वं. माह्या तोंडाकडं पायत रायतात. एवढं तं लग्नातबी नाई पाहिलं त्याहीनं.” आणि हसली. बायकोने हे मला जसंच्या तसं सांगितलं, आणि आम्हीही हसलो.

पुन्हा शाल आली. पुन्हा सूज आली. डॉक्टर बुचकळ्यात पडले. गोळी रोज घेता ना, त्यांनी विचारलं. भाऊंनी छाती पुढे काढून सांगितलं की रोज, माझ्या हाताने देतो, एक दिवस चुकत नाही. ते खरंच होतं. या आजाराला निळी नळी नव्हती; रक्त मुंबईला पाठवायचं आणि वाट पाहायची. डॉक्टरांनी गोळी वाढवली. घरी आल्यावर भाऊ मला म्हणाले, “गोळी वाढली तं वाटीबी वाढली पाहिजे ना.” आणि वाटी वाढली. घोगऱ्या आवाजावर इलाज म्हणून तिच्यात मोहरीचेही मोड पडू लागले. डॉक्टरांनी पुन्हा गोळी वाढवली. पुन्हा वाटी वाढली. ती जिद्दीने खात गेली आणि ते जिद्दीने भरत गेले.

त्या हिवाळ्यात नागपुरात एवढी थंडी पडली की... नाही, पडली तेवढीच पडली, दरवर्षीसारखी. वहिनी दिवसभर झोपू लागली. हाक मारली की फार लांबून परत आल्यासारखी डोळे उघडायची. एका सकाळी उघडलेच नाहीत. अंग गार, श्वास कसाबसा. वीजकेंद्राच्या जीपने आम्ही तिला धंतोलीला नेलं. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता, नुकताच शिकून आलेला. त्याने सगळे कागद पाहिले, गोळीचा वाढत गेलेला डोस पाहिला आणि विचारलं, “गोळी कशासोबत घेतात?”

भाऊंनी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, सगळा तपशील, फडकं किती वेळ ओलं ठेवायचं इथपासून. डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. मग त्याने अतिशय हळू, जणू काच उचलतोय असं, सांगितलं की ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते. सोयाबीन तिला पोटात अडवून धरतं, रक्तात जाऊ देत नाही. कच्ची मोहरीसुद्धा या आजारात एवढी बरी नव्हे. सोयाबीन वाईट नाही, दुपारी शिजवून खाल्लं असतं तर बहुधा काही बिघडलं नसतं.

भाऊ म्हणाले, “म्हणजे थे नळावर घेत होती थेच बराबर होतं.” त्यांचा आवाज इतका हळू येऊ शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

वहिनी त्यातून उठली नाही. गार अंगावर न्यूमोनिया झाला, आणि दोन-चार दिवसांत ती गेली. शुद्धीवर आलीच नाही, त्यामुळे शेवटचं काही बोलणं वगैरे नाही. सांगायला बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर भाऊ धंतोलीला जाऊ लागले. त्या तरुण डॉक्टरसमोर बसायचे आणि एकच विचारायचे, की किती माझ्यामुळे आणि किती आजारामुळे. डॉक्टर सांगायचा की असं मोजता येत नाही, आजारही मोठा होता, थंडी होती, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. भाऊ घरी यायचे आणि पुन्हा जायचे. कॉलनीने परोपरीने समजावलं. नशीब म्हणाले, देवाची इच्छा म्हणाले. भाऊ कुणाशी वाद घालत नव्हते. भिंतीपलीकडून काही ऐकूच येत नसे. तिकडून मीठ मागणारं आता कुणी नव्हतं, तरी माझी बायको बरणीपाशी मधेच थबकायची. सगळ्यात क्रूर गोष्ट अशी की त्यांची स्वतःची साखर उत्तम होती. खाणंच सुटलं होतं, मग वाढणार कशी?

रिटायर झाल्यावर ते मौद्याला भावाकडे राहायला गेले. पण दर काही दिवसांनी एसटीने नागपूरला यायचे आणि धंतोलीत दवाखान्यांच्या रस्त्यावर उभे राहायचे. विदर्भभरातून माणसं तिथे येतात, हातात पिशव्या, पिशव्यांत कागद आणि गोळ्या. भाऊ त्यांना अडवायचे आणि विचारायचे, गोळी कशासंगं घेता? कुणी सांगायचं चहासोबत, कुणी दुधासोबत, कुणी म्हणायचं तुम्हाला काय करायचंय. उत्तर काहीही आलं तरी भाऊ त्यावर स्वतःचं काही सांगायचे नाहीत. ज्या माणसाने अख्ख्या कॉलनीला सल्ले देऊन बेजार केलं, त्याने सल्ला म्हणून तोंडातून एक दाणा काढला नाही. डॉक्टरले इचारा, एवढंच म्हणायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. दवाखान्याचे चौकीदार त्यांना हाकलायचे. पोरं हसायची.

मी एकदा त्यांना तिथे गाठलं. दाढी वाढलेली, पायाला जखम, ती चिघळलेली. स्वतःची गोळी त्यांनी केव्हाच बंद केली होती. मी त्यांना हाताला धरून सावलीत नेलं, पायाचं दाखवू म्हणालो, इथेच दवाखाना आहे म्हणालो. ते ऐकेनात. लोक वेडा म्हणतात हो भाऊ, मी म्हणालो, काहून करता हे?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्यापलीकडे एक म्हातारा बायकोला रिक्षातून उतरवत होता, एका हातात ती आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. भाऊ त्या पिशवीकडे पाहत होते.

“मले येळेवर कोणी इचारलं नाई गा,” ते म्हणाले, आणि लंगडत रस्ता ओलांडू लागले.