सिलिंडर आत्याबाईंच्या नावावर होतं

आमच्या घरचं गॅस कनेक्शन माझ्या सासूच्या नावावर होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सरकारी योजनेत गावातल्या बायकांना कनेक्शनं मिळाली, तेव्हा त्या रांगेत उभं राहून शेगडी आणि सिलिंडर घेऊन आल्या. ओल्या फडक्यानं दोन्ही पुसलं, जुन्या लुगड्याची खोळ शिवून सिलिंडरला घातली, आणि स्वयंपाक मात्र मागच्या सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, चुलीवरच करत राहिल्या. पाहुणा आला तर गॅसवर चहा. बाकी सगळं कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्यांवर.

त्यांना दोष तरी काय द्यायचा? पहिलं सिलिंडर फुकट मिळालं, पुढची आपल्या पैशानं घ्यायची होती, आणि भाव वाढत वाढत नऊशेच्या वर गेला होता. थोडे पैसे नंतर खात्यात परत येतात, पण आधी सगळे मोजावे लागतात. मी कापूस वेचायला जायची. चार दिवस वाकायचं तेव्हा एक सिलिंडर. नवरा बुटीबोरीला एका कंपनीत वॉचमन, महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचा. लेक यवतमाळला वसतिगृहात. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही सासू-सून दोघीच.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी मी वेचणीला असताना शेजारच्या काकू बांधावरून हाका मारत आल्या.

"चाल वं लवकर! तुही सासू बोलून नाई राह्यली."

आत्याबाई सपरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ निळसर पडलेले. श्वास आत जात होता, बाहेर येताना शिटी वाजत होती. तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली होती. गावातल्या एका ऑटोत घालून मी त्यांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

पाच दिवस तिथे वाफ दिली, सुया दिल्या. एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, "आजी, बिडी ओढता का?"

आत्याबाईंना भयंकर राग आला. धाप लागली होती तरी म्हणाल्या, "म्या जिंदगीत बिडीले हात नाई लावला. इचारा माह्या सुनेले."

"मग हा सगळा चुलीचा धूर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "यांना चुलीसमोर बसू द्यायचं नाही. एक दिवसही नाही. धुराच्या घरातसुद्धा नाही."

मी हो म्हटलं. तोंडानं ओढायचा पंप आणि गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

घरी आल्यापासून सगळा स्वयंपाक मी गॅसवर करायला लागले. आत्याबाई खाटेवरून ज्योतीकडे पाहत राहायच्या. दूध उकळायच्या आत म्हणायच्या, "कमी कर वं, कमी कर." पहाटे मी दोन्ही वेळची भाजी-भाकर करून ठेवायची आणि वेचणीला जायची.

आठेक दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सपरीतली राख गरम असते. मी भाकरी करून जात होते, तरी त्या माझ्या मागं चूल पेटवत होत्या. आंघोळीचं पाणी, चहा, डाळ, सगळं तिथेच. आणि मी येण्याआधी सपरी झाडून, खिडकी उघडून, खाटेवर जाऊन बसत होत्या. रात्रभर खोकला कशाचा, हे मला तेव्हा कळलं.

"आत्याबाई, तुमाले मरायचं आहे काय?"

त्या म्हणाल्या, "मरण फुकट हाय वं सूनबाई. गॅस नाई."

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात फावडं उभं होतं. मी ते उचललं आणि चुलीवर घातलं. तीन घावांत चूल फुटली, मग तिला जोडलेला वैलही फोडला. माती, राख, अर्धवट जळलेल्या पऱ्हाट्या, सगळं घमेल्यात भरून मी उकिरड्यावर टाकून आले. परत आले तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या. चुलीच्या जागेकडे पाहत होत्या. त्या रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मला वाटलं, होतील दोन दिवसांत सरळ.

सहाव्या दिवशी सकाळी ज्योत पिवळी झाली आणि विझली. मी सिलिंडर हलवून पाहिलं, आडवं करून पाहिलं. काहीच नव्हतं.

मला तशी काळजी वाटली नाही. वेचणीचे पैसे हातात होते. फोनवरून नंबर लावला, तर बुकिंग होईना. एजन्सीत फोन केला तेव्हा तिथल्या मुलीनं सांगितलं, "ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांची केवायसी बाकी आहे. अंगठा द्यायला त्यांनाच यावं लागेल. तोवर सिलिंडर मिळणार नाही."

"त्या बिमार आहेत हो."

"ताई, माझ्या हातात नाही."

चूल मी फोडली होती. गॅस नव्हता. अंगणात तीन दगड मांडले, पण वारा सगळा धूर घरात आणत होता, आणि आतून आत्याबाईंची ढास ऐकू येऊ लागली तशी मी तांब्यातलं पाणी त्या जाळावर ओतलं. शेजारच्या काकूंनी दोन दिवस भाकरी दिल्या. त्यांच्या घरी माणसं सात, आणि त्यांचंही सिलिंडर कधीचं रिकामं. तिसऱ्या दिवशी भाकरी घेताना मला त्यांच्याकडे पाहवेना.

म्हणून मी आत्याबाईंना घेऊन राळेगावला निघाले. गावातून सकाळी एक एसटी जाते. वाटेतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर दोनदा बसवून त्यांना थांब्यावर नेलं. रिकामं सिलिंडर काकूंच्या मुलानं आणून गाडीत चढवून दिलं. रिकामं म्हणून कंडक्टर बोलला नाही. रस्त्याचं काम चालू होतं. खिडक्या बंद होत नव्हत्या, धूळ सरळ आत यायची. ज्या बाईला धुरापासून वाचवायचं म्हणून मी चूल फोडली, तिला मी तास-सव्वातास धूळ चारत नेत होते. पदर तोंडावर धरून त्या पूर्ण रस्ताभर डोळे मिटून बसल्या.

एजन्सीत पंधरा-वीस माणसं होती. आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं मशीन पुढं केलं. आत्याबाईंनी अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. दुसरा अंगठा. नाही. तिनं ओल्या रुमालानं बोटं पुसली, मग कोरडी केली, मग आपल्या पर्समधलं क्रीम लावून पाहिलं. दहाही बोटं झाली.

"आजी, जोरात दाबा."

"दाबून तं राह्यली माय."

त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. चाळीस-पन्नास वर्षं कापसाच्या बोंडांनी टोचलेली, राखेनं भांडी घासलेली बोटं. चेहरा घेऊन पाहू, असं ती मुलगी म्हणाली आणि तिनं मोबाइल समोर धरला. त्यात डोळे मिटून उघडायचे असतात, मान स्थिर ठेवायची असते. आत्याबाईंनी मान स्थिर केली की खोकला यायचा. चार वेळा झालं. पाचव्या वेळेला मोबाइलवरचं चाकच फिरत राहिलं. सर्व्हर बंद पडला होता.

"उद्या या," मुलगी म्हणाली.

मला आजही सांगताना लाज वाटते. मी तिथे खालीच बसले. फरशीवर, लोकांच्या पायांत. आणि ओरडायला लागले, "उद्या कशी आणू? हिले दम नाई. हिले धूर चालत नाई. घरी चूल नाई, म्याच फोडली थे. सांगा, काय खाऊ घालू हिले?" रांगेतले लोक मागं सरकले. कोणी मोबाइल काढला, कोणी तोंड फिरवलं. ती मुलगी वीस-बावीस वर्षांची असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मशीन तिचंही ऐकत नव्हतं.

आत्याबाईंनी माझा दंड धरला. "ऊठ वं. चारचौघांत असं नाई करू."

बाहेर आलो तर एक माणूस जवळ आला. हळूच म्हणाला, "भरलेलं पाहिजे काय? चौदाशे लागतील." माझ्याजवळ अकराशे होते. मी म्हटलं, हजार घे, बाकीचे पुढच्या हप्त्याला देते, हात जोडते. त्यानं मान हलवली. "हॉटेलवाले रोख देतात, बाई." आणि तो पानठेल्याकडे गेला. त्याच्या मागं धावावं असं मला वाटलं. मी दहा पावलं गेलेही. मग पाहिलं तर आत्याबाई पायरीवर बसून दोन्ही हातांनी छाती दाबत होत्या, आणि मी परत फिरले.

रिकामं सिलिंडर एजन्सीच्या पायरीशी ठेवून आम्ही घरी आलो. त्या रात्री दोघींनी मुरमुरे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायची माझी हिंमत होईना. आत्याबाई स्वतःच उठल्या, लुगडं बदललं. "चाल. नाई तं तू पुन्हा अंगणात दगडं मांडशीन."

या वेळी त्या मुलीनं आम्हाला रांगेत थांबवलं नाही. खिडकीजवळ खुर्ची ठेवली, आत्याबाईंना पंप ओढू दिला, पाणी दिलं, आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडवी बसली. सर्व्हर दोनदा गेला, दोनदा आला. दीड तास ती त्यांच्यापुढून हलली नाही.

"आजी, आता माझ्याकडं बघा. डोळे मिटा. उघडा."

"उघडलेच तं हायेत."

आणि मोबाइलवर हिरवी खूण आली. ती मुलगी माझ्याआधी हसली. मी हसले नाही. मी पैसे काढून मोजायला लागले.

भरलेलं सिलिंडर मिळालं. आता ते न्यायचं कसं? एजन्सीची गाडी आमच्या फाट्यावर गुरुवारी येते, तो दिवस मंगळवार होता. एसटीच्या कंडक्टरनं पाहताच हात आडवा केला. "भरलेला गॅस चालत नाही, ताई." त्याचंही बरोबरच होतं. मी आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही गाडीत बसा, मी मागून येते. त्या म्हणाल्या, "तुले एकटीले सोडून म्या कायले जाऊ?"

जिनिंग कारखान्यात कापूस टाकून परत चाललेला एक टेम्पो शेवटी थांबला. शंभर रुपये म्हणाला. माझ्याजवळ ऐंशी उरले होते, ते त्यानं घेतले. आत्याबाईंना पुढं बसवलं. मी मागं फाळक्याला पाठ लावून बसले, सिलिंडर दोन्ही पायांत धरून. खड्डा आला की ते माझ्या नडगीवर आदळायचं. गाव येईपर्यंत मी ते सोडलं नाही. सोडायला बोटंच उघडत नव्हती.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "भात टाक. भाकरीले टाइम लागते." आम्ही भात आणि कांदा खाल्ला. बऱ्याच दिवसांनी त्या माझ्याशी नीट बोलल्या. माहेरचं, त्यांच्या लग्नातलं, सासऱ्यांच्या रागाचं. दुसऱ्या सकाळी त्यांना ताप होता.

त्या पुढं अडीच महिने होत्या. घरात धूर नव्हता, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की फुप्फुसं आधीच गेलेली होती. ही दगदग झाली नसती तर आणखी जगल्या असत्या का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, तसं सांगता येत नाही. होळीच्या आधी, भर दुपारी, आत्याबाई गेल्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पंप तोंडाशी धरून होते. तो आत ओढायलाच त्यांच्यात श्वास उरला नव्हता.

नवरा आला, विधी झाले, नातेवाईक पांगले. मग एका संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. एजन्सीतलं ओरडणं सांगितलं, चूल फोडल्याचंही सांगितलं. हे मी त्याला फोनवर कधी बोलले नव्हते.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "आईनं त्याच दिवशी फोन केलता. लय रडली."

मी सपरीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"थे चूल तिनं नवरी होऊन आली तवा सोता थापलती. शेताच्या पांदणीतून माती आणून. बाबानं हातसुद्धा नाई लावला. दरसाल तीच लिंपे."

माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. ती चूल मी रोज पाहत होते, तिच्यासमोर बसून जेवले होते. कोणी थापली हे मी कधी विचारलं नव्हतं.

"मंग मले काहून नाई सांगतलं तुमी?"

"तिनंच सांगतलं, तिले नको सांगू. तिले वाईट वाटन."

"आणखी काय म्हणे?"

"काई नाई. मंग खोकला आला तिले, अन् फोन कटला."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो मृत्यूचा दाखला आणि माझं आधार कार्ड घेऊन राळेगावला गेला. कनेक्शनवर आत्याबाईंच्या जागी माझं नाव लावायचं होतं; अंगठा द्यायला मला नंतर जावं लागणार होतं.