पद्माकररावांचा निरोगी मेंदू

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये लोक भिंतीवर पोरांच्या पदव्यांचे फोटो लावतात, लग्नाचे लावतात. पद्माकररावांनी स्वतःच्या मेंदूचा लावला होता. काळ्यावर करडा, आडवा छेद, सोनेरी फ्रेम. पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेतला की यांचं बोट तिकडे. "निरोगी गट! तीन वर्षं झाली." प्रमोदिनीबाई तेव्हा उठून स्वयंपाकघरात जात. नवऱ्याच्या कवटीचा आतला भाग रोज फडक्याने पुसायची वेळ फार थोड्या बायकांवर येत असेल.

झालं होतं असं, की एका संस्थेत माणसाचा स्वभाव आणि मानसिक आजार यांचा संबंध शोधण्याचं काम चाललं होतं. रुग्णांशी तुलना करायला धडधाकट माणसं हवी होती. मंत्रालयात नोटीस लागली, आणि आयुष्यात कशातही पहिला न आलेला हा सेक्शन ऑफिसर धावत गेला. अर्धा तास एमआरआयच्या मशीनमध्ये पडून राहिले, स्वभावाचे ढीगभर प्रश्न सोडवले, आणि आभाराचं पत्र नि फोटो घेऊन घरी आले. पत्रातल्या चार ओळींना ते सर्टिफिकेट म्हणत. मग काय, साहेबापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांचे मेंदू यांना बिघडलेले दिसू लागले. परवा संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेली, तर तिथे लोक हात जोडून उभे असताना हे म्हणाले, "भाऊसाहेबांचा पुढचा मेंदू तपासायला हवा होता." प्रमोदिनीबाईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आणि घरात रुचिता. चोवीस वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी गुडगावची नोकरी सोडून आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली ती झोपलीच. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू केल्या. दिवाळीनंतर ती स्वतः केस विंचरू लागली. एकदा तर आईबरोबर सरोजिनी नगरच्या बाजारात येऊन कुर्तीवरून दुकानदाराशी चांगली हुज्जत घातली तिने, आणि प्रमोदिनीबाईंनी आनंदाने एकाऐवजी दोन कुर्त्या घेतल्या. बाप म्हणे, सगळी मोबाइलची थेरं आहेत.

संस्था दरवर्षी पुन्हा बोलावून फॉर्म भरून घेई, आणि त्यावर एक प्रश्न असे: जवळच्या नात्यात कोणाला मानसिक आजार आहे का? असेल तर निरोगी गटात घेत नाहीत. रुचिता आजारी पडल्यावरही पद्माकरराव 'नाही' वरच खूण करत. प्रमोदिनीबाईंना हे माहीत होतं. त्या मूग गिळून बसल्या होत्या आणि त्याबद्दल स्वतःवर चिडत होत्या.

यंदा फेब्रुवारीत संस्थेचा माणूस घरी येणार होता. सहभागी माणसाचा स्वभाव त्याच्या घरच्यांना विचारायची पद्धत असते. तीन दिवस आधी पद्माकररावांनी रुचिताच्या टेबलावरून गोळ्या उचलल्या, डॉक्टरांची चिठ्ठीही उचलली.

"चार दिवस नाही घेतल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

कुठे ठेवल्या ते सांगेनात. चिठ्ठीशिवाय केमिस्ट देईना, डॉक्टर परगावी. तिसऱ्या दिवशी पोरीचे हात थरथरत होते, डोकं गरगरत होतं, आणि तोंड पुन्हा भिंतीकडे.

शनिवारी सकाळी अंशुमन नावाचा तरुण संशोधक लॅपटॉप घेऊन आला. पद्धतीप्रमाणे त्याने पद्माकररावांना बाल्कनीत बसवून दार लावून घेतलं.

"आंटी, एक से पाँच तक बताइए. दूसरों का दुख समझते हैं?"

"जीरो नहीं है?"

"जी नहीं, एक से शुरू होता है."

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. रुचिताचा आजार, फॉर्मवरचं खोटं, पळवलेल्या गोळ्या, सगळं सांगून टाकलं. अंशुमनचे हात थांबले. "ये दवा अचानक बंद नहीं करते, आंटी. अभी दीजिए."

प्रमोदिनीबाईंनी बाल्कनीचं दार उघडलं. "गोळ्या कुठे आहेत?"

"अगं, हळू! तो ऐकेल."

"त्याला सगळं सांगितलंय मी. कुठे आहेत?"

स्कूटरच्या डिकीत होत्या. पद्माकरराव खाली मान घालून जिना उतरले. या माणसाला आपण तीस वर्षं घाबरत आलो, याची प्रमोदिनीबाईंना अक्षरशः किळस आली.

ते धापा टाकत वर आले. गोळ्या टेबलावर टाकल्या, पण पोर कशी आहे हे विचारलं नाही. "मेरा नाम तो रहेगा ना?"

"हेल्दी ग्रुप में नहीं, सर. तीन साल का डेटा हटाना पड़ेगा."

रुचिता भिंतीला धरून बाहेर आली होती. आईने तिच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला दिला. पद्माकररावांनी फ्रेमकडे पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि चेहरा उजळला.

"पेशंट के फादर का भी कोई ग्रुप होगा?"

"है, सर. लेकिन उसमें पेशंट का साइन लगता है."

पद्माकरराव मुलीकडे वळले. आपली मुलगी आजारी आहे हे दोन वर्षांत त्यांना आज पहिल्यांदा मान्य झालं होतं. "रुचू बेटा, एक सही फक्त. बिल्कुल पाच मिनिटांचं काम."

रुचिताने गोळी गिळली. पेला शेवटपर्यंत रिकामा केला.

"नाही," ती म्हणाली. "आई, अजून थोडं पाणी दे."