उकिरड्यावरची खुर्ची

आमच्या गावात ग्रामपंचायत आली तेव्हा मी पंचविशीच्या आतबाहेर होतो. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. तालुका वाशीम, जिल्हा अकोला, आणि सकाळी बैलगाडी जुंपली की दुपारच्या आत अनसिंगचा बाजार गाठायचा, एवढ्या अंतरावर आमचं गाव. मराठी सातवी पास होऊन शेतीला लागलेला आमच्या वेटाळात, म्हणजे आळीत, मी एकटाच, म्हणून लोकांनी मला पंच केलं. दुसरं काही कारण नव्हतं.

पंचायतीची कामं म्हणजे चावडीची कौलं फेरणं, विहिरीचा काठ बांधणं आणि पोळ्याच्या आधी रस्त्यातले खड्डे मुरूम टाकून बुजवणं. सरपंच अंगाने भारी, शेतीवाडीने त्याहून भारी. मीटिंगला काळा कोट घालून यायचे, वैशाखातसुद्धा. घाम पुसत बोलायचे, पण कोट काढायचे नाहीत. आणखी एक पंच म्हणजे आमचे शेटजी. गावातलं एकुलतं एक दुकान त्यांचं. माणूस जैन, काडीसारखा बारीक, आवाज मऊ. दिवस मावळायच्या आत त्यांना जेवण आटोपायचं असे, त्यामुळे ऊन कलंडलं की ते शांतपणे उठून चपला घालत आणि मीटिंग संपे. ते नसते तर आमची भांडणं कोंबडा आरवेपर्यंत चालली असती.

एका वर्षी पावसाळा सरता सरता वरून हुकूम आला की प्रत्येक गावाने मुलांसाठी खेळाचं मैदान करावं आणि ते नीट राखावं. हिवाळ्यात साहेब येऊन पाहतील. सरपंचांनी तो हुकूम असा वाचून दाखवला की जणू मैदान फक्त आमच्याच गावाला मंजूर झालं आहे.

जागा एकच होती. मारुतीच्या देवळामागचं आखर, म्हणजे गावची गुरं रानात न्यायच्या आधी जिथे गोळा होत ती मोकळी जागा. मोकळी म्हणायची एवढंच. तिथे प्रत्येक घराचा एकेक उकिरडा होता. कोणता उकिरडा कोणाचा हे परक्याला कळलं नसतं, पण आमच्याकडे त्यावरून भावाभावांच्या वाटण्या अडल्या होत्या.

कोतवालाने दवंडी दिली. पहिले चार दिवस कोणी हललं नाही. मग सरपंचांनी स्वतःचा उकिरडा आधी उचलला. म्हणजे त्यांच्या गड्यांनी उचलला आणि ते कोट घालून बाजूला उभे राहिले. त्यांचं पाहून पाटलांनी, मग शेजाऱ्यांनी, असं करत करत आखर मोकळं झालं. राहिला एकच उकिरडा, तोही बरोब्बर मधोमध आणि सगळ्यांत उंच. तो माझ्या मोठ्या मायचा.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले, तेव्हापासून तिचं वावर तीच पाहायची. बी तीच निवडायची, गडी तीच सांगायची, आणि गावात कोणाच्याही ज्वारीचं कणीस तिच्या कणसाएवढं भरत नसे.

"तुमची मोठी माय हाय, तुमीच सांगा," सरपंच मला म्हणाले.

मी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी हुकूम, मैदान, मुलांचं आरोग्य, सगळं सांगितलं. ती सूप न थांबवता ऐकत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"कच्चं खत वावरात टाकलं तं उधई लागते, मुळं खाऊन टाकते, हे तुले सातवीत शिकवलं नाई काय? चैतात नेईन मी. तवरोक तो हालत नाई."

"पण साहेब त्याच्या आधी येतील ना, मोठे माय."

"मंग येऊ दे. त्याले कायले भेव लागते उकिरड्याचं?" आता मात्र तिने सूप खाली ठेवलं. "मैदान करून राह्यले! अन् विहिरीची वाट? बाया रोज घसरतात तिथं. परवा शेजारच्या सुनेनं घागर फोडली, कंबर धरून बसली हाय. ते तुमाले दिसत नाई काहून? सायेब पानी भराले येत नाई म्हनून?"

ही वाट म्हणजे नाल्याकाठचा काळ्या मातीचा उतार. घागरींचं पाणी सांडून सांडून तिथे बारा महिने चिखल. मीटिंगमध्ये ती गोष्ट दोनदा निघाली होती आणि दोन्ही वेळा ऊन कलंडलं होतं. मी तसाच परत आलो.

सरपंचांनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चेहरा फुलवून चावडीवर आले. "हालत नाई तं न हालो," ते म्हणाले. "आपन त्याले ओटा करू. वरतून सपाट करा, भोवताल चुन्यानं रंगवलेले दगड लावा, वर भजनाची सतरंजी टाका. सायेबाची खुर्ची वर. सायेब उंचावरून खेळ पाह्यतीन!"

शेटजी हळूच म्हणाले, "आत गरम असते ना पण ते."

"थंडीचे दिवस हायेत शेटजी. बरंच वाटन त्यायले."

मोठी माय तेव्हा कापसाच्या वेचणीला वावरात होती. आम्ही घाईघाईने तिचा उकिरडा फावड्याने थापून सपाट केला. खरं सांगतो, सतरंजी टाकल्यावर तो फार शोभिवंत दिसत होता. संध्याकाळी तिने पाहिलं असेलच, पण काही बोलली नाही. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

साहेब बुधवारी येणार म्हणून निरोप होता. शाळेच्या मास्तरांनी मुलांचे दोन गट बसवले, त्यांना लेझीम शिकवली. आणि साहेब मंगळवारीच आले. एक हलकी बैलांची दमणी आखरापाशी थांबली आणि तिच्यातून कोट, धोतर आणि बूट घातलेले तरुण नायब तहसीलदार उतरले. कापूस असा फुटला होता की शाळेतलं पोरगं न् पोरगं आईबापाबरोबर वेचणीला गेलेलं. मास्तरही कुठे दिसेनात. मैदानावर एक वासरू तेवढं होतं.

सरपंच धावत आले. धावताना एका बाहीत हात घातलेला, दुसरी बाही मागे लोंबत होती. शेटजी दुकान टाकून आले, मी बैल सोडून आलो, मागोमाग पाटील आणि कोतवाल. साहेबांना ओट्यावर चढवून खुर्चीवर बसवलं. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली.

"जागा छान आहे," ते म्हणाले. "पण इथे खेळतं कोण?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात सरपंचांच्या तोंडून गेलं, "आमी!"

"तुम्ही?"

"हो साहेब. पंचायतच खेळते. रोज. हुतुतू."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "वा! शाळेत मी हुतुतूचा कप्तान होतो. मग होऊन जाऊ द्या की एक डाव!"

नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. कोतवालाने पायाने रेघ ओढली. एका बाजूला सरपंच, मी आणि कोतवाल. दुसऱ्या बाजूला शेटजी, पाटील आणि गुरं राखणारा गायकी. आम्ही धोतरांचे काचे मारले. सरपंचांनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत कोट काढला आणि घडी करून वासराच्या खुंट्यावर ठेवला.

पहिले सरपंच गेले. "हुतुतुतुतु" म्हणत रेघ ओलांडली, दोन पावलं टाकली आणि दम संपल्यावर थांबून म्हणाले, "बसा जरा." पाटलांनी आदराने त्यांच्या खांद्याला हात लावला. "मेले," साहेब वरून ओरडले. सरपंचांना तो शब्द आवडला नाही.

मग शेटजी आले. मला वाटलं, वाऱ्याने उडून जातील. त्यांनी धोतर नीट खोचलं, हात जोडून कोणाला तरी नमस्कार केला आणि तोंडातून एक बारीक, मधमाशीसारखा आवाज सुरू झाला. तो थांबेचना. ते डावीकडे वळले, कोतवालाच्या गुडघ्याला बोट लावलं. मी मागून पकडायला झेपावलो तर हाताला नुसता वारा लागला आणि मी तोंडावर पडलो. मी पडत असतानाच त्यांनी माझ्याही पाठीला हात लावला आणि आवाज तसाच चालू ठेवून रेघेपलीकडे गेले. इतकी वर्षं हा माणूस आम्हाला गूळ तोलून देत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"शाब्बास शेटजी! शाब्बास!" साहेबांना राहवलं नाही. ते खुर्चीत टाळ्या वाजवत पुढेमागे हलू लागले. आणि मी मातीत पडल्या पडल्या पाहिलं, खुर्ची खाली चालली होती. आधी पायांची टोकं सतरंजीसकट आत गेली. मग मागचे पाय जास्त रुतले. साहेब शेटजींना "अजून एक डाव, अजून एक!" म्हणून ओरडत होते आणि हळूहळू आकाशाकडे तोंड करत होते. मी सरपंचांना खूण केली. सरपंचांनी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या क्षणी खुर्ची मागे कलली, साहेबांचे बूट वर आले आणि ते सतरंजीसकट उकिरड्यात बसले. थंडीतली वाफ त्यांच्या भोवतीने वर निघाली.

कोणी पुढे जाईना. तेवढ्यात डोक्यावर घागर घेऊन मोठी माय देवळाच्या कोपऱ्यावरून आली. ती थांबली. तिने साहेबांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"सायेबाले माह्या उकिरड्यावर कायले बसवलं रे?"

"उकिरडा?" साहेब आतून म्हणाले.

"खत हाय बाप्पा, वर्साचं, चैतात वावरात जाईन," ती त्यांना समजावून सांगू लागली. "चांगलं मुरून राह्यलं हाय म्हनून तं तुमी आत गेले. कोरडं कडक असतं तं वर राह्यले असते."

मी पुढे होऊन साहेबांना हात दिला. ते उभे राहिले. धोतराचं काय झालं होतं ते सांगत नाही. मला वाटलं, आता पंचायत गेली. पण त्यांनी खाली वाकून एक मूठ खत उचललं, बोटांनी कुसकरलं, नाकाशी नेलं.

"आमच्या घरी असं होत नाही," ते म्हणाले. "आमचे वडील राख जास्त टाकतात."

"राख कमी टाकाची. अन् गोमूत्र?"

"ते वाहून जातं."

"मंग कसं होईन!"

साहेब हसायला लागले. असे हसले की त्यांच्या दमणीचा बैल दचकला. मग आम्हीही हसलो. सरपंच सर्वांत शेवटी, जपून.

मोठ्या मायला एवढी संधी पुरेशी होती. घागर खाली न ठेवता ती म्हणाली, "सायेब, तुमी आलेच हा, तं विहिरीची वाट पाहून जा."

"तशी काही वाईट नाही साहेब," सरपंच लगबगीने बोलले. "थोडी ओल असते, एवढंच. या, मी दाखवतो." आणि ते पुढे झाले. नाल्याच्या उतारावर त्यांनी "ही पाहा" म्हणून हात पसरला आणि त्याच पोझमध्ये खालपर्यंत गेले. विहिरीवरच्या बायांनी पदर तोंडात कोंबले. एकीला ते जमलं नाही.

साहेब वरूनच म्हणाले, "सरपंच, मैदान राहू द्या. आधी हे करा." आणि मोठ्या मायकडे वळून, "चैत्रापर्यंत तुमच्या खताला कोणी हात लावणार नाही."

दुसऱ्याच दिवशी आमच्या गाड्या टेकडीच्या मुरमाला लागल्या. उतारावर दगडाच्या फरश्या बसवल्या, वर मुरूम अंथरला, कोतवालाने धुम्मस मारून तो ठोकून बसवला. मोठी माय काठावर बसून होती. "तो दगड हालते. काढ. पुन्हा बसव." सरपंचांनीही पाट्या वाहिल्या. कंबर धरून, पण वाहिल्या. ज्या सुनेची घागर फुटली होती ती पहिल्यांदा त्या वाटेने भरली घागर घेऊन चढली तेव्हा मध्येच थांबून तिने पाय आपटून पाहिला आणि मग आमच्याकडे न बघता पुढे गेली. मला ते फार आवडलं.

चैत्रात मोठ्या मायने खत वावरात नेलं आणि रिकामा खड्डा आम्ही भरून घेतला. तोवर आमची मात्र वेगळीच पंचाईत झाली होती. जाताना साहेब म्हणाले होते, "रोज खेळता ना? मी केव्हाही येऊन पाहीन." त्यामुळे तो सगळा हिवाळा, शेटजींच्या जेवणाच्या आधी, आम्ही पंच मंडळी नियमाने हुतुतू खेळलो. घरोघर बायका फाटकी धोतरं शिवून वैतागल्या. साहेब काही पुन्हा आले नाहीत. पण वेचणी संपली तशी पोरं पाहायला येऊ लागली, मग हसू लागली, मग शेटजींकडून दम कसा राखायचा ते शिकू लागली. उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी आम्ही गेलो तर मैदान भरलेलं.

"बुवा, तुमी बाजूले बसा आता," एक पोट्टा आम्हाला म्हणाला.

आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. सरपंचांना काही बसवेना. ते उठले, पोरांना म्हणाले, "एक डाव मले द्या रे. एकच." पोरांनी दिला. ते दम धरून आत शिरले आणि पाच-सहा पोरांनी मिळून त्यांना जमिनीवर पालथं पाडलं. बराच वेळ ते दिसलेच नाहीत. मग ढिगाखालून आवाज आला, "सोडू नका बे! अजून दम हाय!"

शेटजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मावळतीकडे पाहिलं, पायातल्या चपला काढून ठेवल्या आणि म्हणाले, "आज जरा उशीर झाला तरी चालेल. नुसतं पाणी पिऊन झोपू."