एक थेंब न गळणारी खतटाकी

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सेंद्रिय खत समितीचा मी सचिव होतो. सगळ्यांचं आयुष्य बॉयलरच्या वेल्डिंगमध्ये गेलेलं, त्यामुळे खताची टाकीही आम्ही तशीच केली. जाड पत्रा, रबरी पॅकिंगचं झाकण, आठ बोल्ट. पाणी भरून, दाब देऊन तपासली. एक थेंब गळला नाही. हवासुद्धा आत शिरणार नाही, याचा अभिमानच वाटला. मग ती माझ्याच क्वार्टरसमोर बसवली. महिनाभरात आतल्या कचऱ्याचा काळा, आंबूस रबडा झाला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'प्रगती समाधानकारक.'

बायकोने मात्र क्वार्टरमागे उघड्यावरच ढीग घातला होता. भाजीची सालं, चहाचा चोथा, वाळका पाला, शेजारच्या अयोध्या नगर वस्तीतल्या गवळ्याचं शेण. चार-चार दिवसांनी काठीने खालीवर करायची. त्या खतावर पुढच्या अंगणातले तिचे टोमॅटो इतके लगडले, की फांद्यांना जुन्या साडीच्या पट्ट्यांचा आधार द्यावा लागला.

"अहो, तुमच्या त्या टाकीला श्वास तरी घेऊ द्या," ती म्हणायची. नागपूरची आहे, शेजारच्या दोन क्वार्टरांना ऐकू जायचं.

कारखान्याचे मोठे साहेब पाहणीला येणार त्या सकाळी मी टाकी धुऊन काढली आणि तिच्या ढिगातलं चांगलं मुरलेलं खत पाट्या भरभरून आत ओतलं. साहेबांनी ते मुठीत घेऊन हुंगलं. "वाह, मिट्टी की खुशबू." टोमॅटोंचं श्रेयही टाकीलाच मिळालं. मग ते मागच्या बाजूला गेले.

"ये गंदगी किसकी है?"

बायको चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारात उभी होती.

"पता नहीं सर," मी म्हणालो, "कोई डाल जाता है."

ढीग हटवायच्या आदेशावर सचिव म्हणून सही माझीच. दुपारी ट्रॅक्टर आला. "एक पाटी तरी राहू द्या, रोपांपुरती," ती मला म्हणाली. मी नियम सांगितला. घरात, स्वतःच्या बायकोला.

टाकीचं मॉडेल पुढे सगळ्या सेक्टरांत लागू झालं. तिने पुन्हा टोमॅटो लावले नाहीत, आणि मी इतकी वर्षं विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात काढला. ती मेथी निवडत होती. म्हटलं, ढीग तुझा आहे, असं मी तेव्हा सांगायला हवं होतं.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं. साहेबांना सांगा."

साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेलेत. पत्ता माझ्याकडे आहे. पत्र अजून झालं नाही. त्याआधी हे लिहून बघतो आहे.